पेन ड्राइव्हमधली इमारत: रत्नागिरीच्या एका गृहनिर्माण संस्थेने बांधकामाची डिजिटल माहिती वापरात कशी आणली

रत्नागिरी शहरालगत, भाट्याच्या खाडीकडे तोंड करून उभ्या असलेल्या या इमारतीत तळाला वाहनतळ आणि वर चार मजले आहेत. सदनिकाधारकांपैकी निम्म्याहून अधिक जण मुंबई, ठाणे, पुणे येथे नोकरीला असल्यामुळे त्यांची घरे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंदच असतात. कायम राहणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, बँकेचे कर्मचारी आणि शहरात दवाखाना असलेली एक-दोन कुटुंबे आहेत. काम 2019 मध्ये सुरू झाले, 2020 च्या टाळेबंदीत थांबले आणि 2021 च्या अखेरीस ताबा देण्यात आला. इमारतीचे, संस्थेचे आणि विकासकाचे नाव या टिपणात मुद्दामच दिलेले नाही.

एका बाबतीत मात्र ही इमारत आसपासच्या इमारतींहून वेगळी होती. विकासकाने नेमलेल्या वास्तुविशारदाच्या कार्यालयाने तिचा संपूर्ण आराखडा ‘बिम’ (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) पद्धतीने केला होता. या पद्धतीत भिंत ही कागदावरची दुहेरी रेघ राहत नाही. ती जाडी, साहित्य, मजला, तिच्यात बसणारी खिडकी आणि तिच्यातून जाणारा पाइप यांसह एक स्वतंत्र वस्तू म्हणून संगणकात नोंदलेली असते. मोठ्या शहरांतील उंच इमारतींसाठी ही पद्धत आता रुळली आहे, पण चार मजल्यांच्या इमारतीसाठी ती कोकणात वापरली जाणे हे अपवादात्मकच म्हणावे लागेल. ताबा देताना संस्थेला एक बॉक्स फाइल आणि एक पेन ड्राइव्ह मिळाला. स्थावर संपदा कायदा (रेरा), 2016 च्या कलम 17 नुसार आवश्यक ती कागदपत्रे आणि नकाशे सदनिकाधारकांच्या संस्थेकडे सोपवणे ही प्रवर्तकाची, म्हणजे विकासकाची, जबाबदारी आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर या विकासकाने बहुतेकांपेक्षा कितीतरी अधिक दिले होते. असे असूनही पुढची दीड वर्षे तो पेन ड्राइव्ह सचिवांच्या कपाटात पडून राहिला.

तो कोणी उघडलाच नाही असे नव्हे. सचिवांच्या मुलाने तो लॅपटॉपला लावून पाहिला होता. त्यात मूळ सॉफ्टवेअरची एक भलीमोठी फाइल होती, जी ते सॉफ्टवेअर विकत घेतल्याशिवाय उघडत नाही, आणि जुन्या आवृत्तीच्या सॉफ्टवेअरला नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल वाचताच येत नाही. तिच्या शेजारी तीच इमारत ‘आयएफसी’ या खुल्या स्वरूपात होती, जी मोफत मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्येही दिसते. पण ते सांगणारी चिठ्ठी कोणी ठेवलेली नव्हती. याशिवाय आरसीसीचे नकाशे, प्रत्येक स्लॅब व कॉलम ओतताना भरलेली पोअर कार्डे, काँक्रीटची ताकद तपासणाऱ्या क्यूब चाचण्यांचे अहवाल आणि साइटवर मोबाइलने काढलेल्या छायाचित्रांचे तारीखवार फोल्डर होते. आडात पाणी भरपूर होते, पोहऱ्यातच काही येत नव्हते.

तिसऱ्या मजल्यावरची गळती

जुलै 2023 मध्ये दुसऱ्या मजल्यावरील एका सदनिकेच्या बाथरूमच्या छताला ओल धरली आणि आठवड्याभरात थेंब पडू लागले. वरची सदनिका डोंबिवलीत राहणाऱ्या कुटुंबाची, म्हणजे बंद. शेजाऱ्यांकडच्या किल्लीने ती उघडली, तेव्हा आतली फरशी कोरडी होती आणि एकही नळ गळत नव्हता. पहिल्या प्लंबरने नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालील भांड्याच्या) भोवतीची फरशी फोडली, दुसऱ्याने कमोडच्या मागची. दोघांनीही अंदाजाने काम केले, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण घरमालकाकडे त्यांना दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

या टप्प्यावर संस्थेने माझ्याकडे सल्ला मागितला. पहिला मुद्दा अगदी साधा होता: घर बंद असताना सांडपाण्याच्या पाइपमधून पाणी येणार कोठून? ज्या पाइपात गच्चीवरच्या टाकीचा दाब चोवीस तास असतो, त्याच पाइपातून बंद घरात थेंब पडत राहू शकतात. तेव्हा तपासायची होती ती पुरवठ्याची वाहिनी. ती बंद करण्यासाठी गच्चीवर गेलो, तर टाकीखाली व्हॉल्व्हांची एक रांग होती आणि त्यांपैकी एकावरही कोणती लाइन कोठे जाते याची खूण नव्हती. एक व्हॉल्व्ह बंद केला, तर भलत्याच बाजूच्या चार घरांचे पाणी गेले. आयएफसी फाइलमध्ये मात्र प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक होता, त्याला जोडलेला उभा पाइप दिसत होता आणि त्या पाइपावर कोणती बाथरूम व स्वयंपाकघरे आहेत हेही दिसत होते. योग्य व्हॉल्व्ह सापडला, तो बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थेंब थांबले आणि गळती पुरवठ्याच्या वाहिनीतच आहे हे ठरले.

आता फोडायचे कोठे? बिमच्या प्रतिमानात, म्हणजे संगणकातल्या मॉडेलमध्ये, पुरवठ्याचा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीतून आडवा, सरळ गेलेला होता. त्यावर विश्वास ठेवून भिंत फोडली असती, तर तिसरा खड्डाही वाया गेला असता. छायाचित्रांच्या फोल्डरमध्ये त्याच मजल्याचे, गिलाव्याच्या आधी काढलेले एक छायाचित्र मिळाले. त्यात पाइपासाठी भिंतीत कोरलेली झिरी मध्येच संपत होती आणि पाइप खाली उतरून बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये, विटांच्या तुकड्यांची भर पडायच्या आधी, तिरका पसरलेला दिसत होता. त्याचे टोक ड्राय बाल्कनीतल्या कपडे धुण्याच्या यंत्राच्या नळापर्यंत गेले होते. स्वयंपाकघराची खिडकी कामाच्या ओघात सरकवली गेली, भिंतीत जागा उरली नाही आणि प्लंबरने जवळची वाट धरली, असा उलगडा झाला. त्या तिरक्या पाइपात एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, होता. छायाचित्र घेणाऱ्याने योगायोगाने टेप ताणून धरलेली होती, त्यामुळे उंबऱ्यापासूनचे अंतर मोजता आले. तेवढीच एक फरशी काढली. एल्बोचा सांधा सुटलेला होता.

या प्रकरणाचे मर्म माझ्या मते याच प्रसंगात आहे. बिमचे प्रतिमान हे इमारत कशी बांधायची ठरली होती याचे चित्र असते, आणि प्रत्यक्षात ती कशी बांधली गेली हे गिलाव्याआधीची छायाचित्रे सांगतात. घरमालकाला दोन्ही लागतात, पण एकमेकांना जोडलेल्या रूपात. व्हॉल्व्ह प्रतिमानाने शोधून दिला, एल्बो छायाचित्राने. त्या टेपचे मोल साइट अभियंत्याला तेव्हा माहीत असण्याचे काही कारण नव्हते. छायाचित्र बहुधा बिलासाठी काढलेले होते.

एका घराचे अनेक क्रमांक

गळती मिटल्यावर संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ही माहिती सर्वांसाठी लावून घ्यावी असा ठराव झाला. काम स्थापत्य पदविकेच्या दोन विद्यार्थ्यांकडे मानधनावर सोपवले गेले. सभासदांची कल्पना अशी होती की मोबाइलवर इमारतीचे फिरते त्रिमितीय चित्र दिसेल आणि भिंतीवर बोट ठेवले की आतला पाइप दिसेल. तसे करता येते, आणि विकणारेही बरेच आहेत. प्रत्यक्ष काम मात्र त्याच्या फार अलीकडे अडले. एकाच सदनिकेला प्रतिमानात एक क्रमांक होता, विक्री करारात दुसरा, दारावरच्या पाटीवर तिसरा. महावितरणचा ग्राहक क्रमांक आणि घरपट्टीचा मालमत्ता क्रमांक हे आणखी निराळे. बांधकाम चालू असताना एका बाजूच्या दोन सदनिका एकत्र केल्यामुळे त्या मजल्यावरचे पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकले होते, आणि छायाचित्रांच्या फोल्डरांना मात्र जुनेच क्रमांक राहिले होते. तेव्हा सर्वांत आधी तयार झाला तो एक कोरडा तक्ता: एका ओळीत एक सदनिका आणि तिचे सगळे क्रमांक. विद्यार्थ्यांचा सर्वाधिक वेळ याच तक्त्यात गेला आणि बाकी सर्व काम त्याच्या आधारावर उभे राहिले. अशा प्रकल्पांच्या जाहिरातीत या तक्त्याचा उल्लेख कधी येत नाही.

दुसरा निर्णय माहिती मांडण्याच्या क्रमाचा होता. बांधकामाची माहिती ठेकेदारांच्या विभागणीने रचलेली असते: आरसीसी, गवंडीकाम, प्लंबिंग, वीज, रंग. इमारतींच्या देखभालीसाठी ‘कोबी’ नावाची एक तक्तेवजा मांडणी जगभर वापरली जाते, तिच्यात जागा, उपकरणांचे प्रकार, सुटी उपकरणे आणि कामे यांची पाने असतात. ती रुग्णालये, कार्यालये अशा ठिकाणी, जेथे देखभालीला पगारी माणूस असतो, तेथे उपयोगी पडते. घरमालक त्या वाटेने विचार करत नाही. पाणी कोठून बंद करायचे, येथे ड्रिल मारू का, ही फरशी कोणत्या कंपनीची, गिझरची गॅरंटी संपली का, हे त्याचे प्रश्न असतात. म्हणून प्रत्येक सदनिकेसाठी या प्रश्नांच्या क्रमाने दोन पानांचा उतारा काढण्यात आला. पहिल्या पानावर व्हॉल्व्ह, डीबी बॉक्समधील (विजेच्या वितरण पेटीतील) प्रत्येक एमसीबी (स्वयंचलित खटका) कोणत्या खोलीचा, आणि प्रत्येक भिंतीचे उभे चित्र, ज्यात पाइप आणि वायरिंगचे पट्टे लाल रंगात दाखवलेले आहेत. दुसऱ्या पानावर फरशी, रंग, नळ, खिडक्या यांची नावे, छटांचे क्रमांक आणि गॅरंटीच्या तारखा. सळयांचे तपशील उताऱ्यात घेतले नाहीत; ते संस्थेच्या संचात राहिले.

पुढे सभासदांनी सर्वाधिक विचारणा केली ती बाहेरच्या रंगाच्या छटेची आणि फरशीच्या नावाची. अभियंत्याला हे थोडे खटकते, पण घर वापरणाऱ्याची गरज तीच आहे, आणि रंगाची छटा शोधायला आलेला माणूस पाइपाचा लाल पट्टाही पाहून जातो.

टाळेबंदीत उघड्या राहिलेल्या सळया

इमारत कोठे आहे हा मुद्दा येथे येतो. काँक्रीटविषयीचे भारतीय मानक आयएस 456 (सन 2000) किनारी हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटला ‘तीव्र’ गटात धरते आणि त्यासाठी किमान एम 30 दर्जाचे काँक्रीट व सळईवर 45 मिलिमीटर कव्हर मागते. समुद्राचे तुषार थेट अंगावर येत असतील, तर एम 35 आणि 50 मिलिमीटर. कव्हर म्हणजे सळई आणि बाहेरची हवा यांच्यामधला काँक्रीटचा थर. खाऱ्या हवेतील क्लोराइड त्या थरातून हळूहळू आत झिरपते आणि सळईपर्यंत पोहोचले की गंज सुरू होतो. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर काढते. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि उरलेल्या दिवसांत खारा वारा, यामुळे ओले-कोरडे होण्याचे चक्र सतत चालू राहते.

पोअर कार्डांच्या तारखा एका ओळीत लावल्यावर एक गोष्ट लक्षात आली, जी सुट्या कार्डांत कधीच दिसली नसती. दुसरा स्लॅब, म्हणजे दुसऱ्या मजल्याची जमीन, मार्च 2020 च्या मध्यावर ओतला गेला. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. मजूर गावी गेले आणि त्या स्लॅबमधून वर आलेल्या कॉलमच्या सळया उघड्याच राहिल्या. 3 जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, रत्नागिरी जिल्ह्यालाही त्याचा तडाखा बसला, आणि त्यानंतर अख्खा पावसाळा गेला. पुढच्या कॉलमचे पोअर कार्ड थेट नोव्हेंबरचे आहे. म्हणजे सात महिन्यांहून अधिक काळ त्या सळया खाडीच्या वाऱ्यात होत्या.

सळईवर सुटा गंज, माती वा तेल असता कामा नये, असे मानक सांगते. पृष्ठभागावरचा गंज तारेच्या ब्रशने नीट काढला, तर अशी सळई वापरण्यात काही गैर नाही. प्रश्न तो काढला का हाच होता. नोव्हेंबरच्या सर्व पोअर कार्डांवर ‘सळया साफ’ या रकान्यात एकाच हाताने, एकाच शाईने बरोबरची खूण केलेली होती. अशा खुणांवर किती भरवसा ठेवायचा, हे साइटवर काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. छायाचित्रांत बहुतेक कॉलमपाशी ब्रश मारणारा मजूर आणि खाली पडलेला तांबूस भुगा स्पष्ट दिसतो. खाडीकडच्या दोन कॉलमचे मात्र असे एकही छायाचित्र नाही.

संस्थेने त्या दोन कॉलमपुरतीच तपासणी करून घेतली: कव्हर मीटरने सळईची खोली आणि हाफ-सेल चाचणीने गंजाची शक्यता. माहिती हाताशी नसती, तर संपूर्ण इमारतीची तपासणी करावी लागली असती, किंवा अधिक खरे सांगायचे तर काहीच केले गेले नसते. गंज चालू असल्याचे चाचणीत दिसले नाही, पण एका कॉलमच्या खाडीकडच्या अंगाला कव्हर नकाशात दाखवलेल्या 45 मिलिमीटरपेक्षा बरेच कमी भरले. सळ्यांचा सांगाडा कॉलमची पेटी (ओतकामाचा साचा) लावताना सरकला असावा. ज्यांच्या दिवाणखान्यात तो कॉलम आहे, त्या कुटुंबाने गणपतीच्या सजावटीसाठी त्याच बाजूला हुक ठोकण्याचे ठरवले होते. उताऱ्यावर आता त्या अंगाला लाल पट्टा आहे.

कागद, कुलूप आणि जबाबदारी

उतारा कोठे ठेवायचा, यावर सभेत वाद झाला. तरुण सभासदांना क्यूआर कोड हवा होता. निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड भागात वीज आणि मोबाइल सेवा कितीतरी दिवस बंद होती, हे ज्यांनी भोगले होते त्यांनी कागदाचा आग्रह धरला, आणि ते बरोबर होते. पाइप फुटतो तो बहुधा मुसळधार पावसात, वीज गेलेली असताना. पहिले पान प्लास्टिकच्या आवरणात घालून डीबी बॉक्सच्या दाराच्या आत चिकटवले आहे, ज्यामुळे किल्ली घेऊन आलेला शेजारीही ते वाचू शकतो. गच्चीवरच्या व्हॉल्व्हांना क्रमांक कोरलेल्या पितळी चकत्या अडकवल्या; छापील स्टिकर खाऱ्या हवेत दोन पावसाळे टिकत नाहीत.

उलट, सगळे सर्वांना खुले ठेवावे ही सूचना नाकारली गेली. कोणते घर कोणत्या महिन्यांत बंद असते, खिडक्यांना कोणत्या कड्या आहेत, कॅमेऱ्याची वायर कोठून जाते, हे चोराच्याही कामाचे आहे. सदनिकेचा उतारा फक्त तिच्या मालकाला आणि त्याने नेमलेल्या किल्लीधारकाला मिळतो. संरचनेची आणि सामाईक वाहिन्यांची माहिती व्यवस्थापक समितीकडे राहते. मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर पीडीएफ, आयएफसी आणि साधे तक्ते अशा प्रती आहेत, ज्या उद्या ते सॉफ्टवेअर बंद पडले तरी उघडतील.

सर्वांत अवघड भाग नोंदी ताज्या ठेवण्याचा. ब्रिटनमध्ये 2017 च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर आलेल्या 2022 च्या कायद्याने उंच निवासी इमारतींची माहिती डिजिटल स्वरूपात अद्ययावत ठेवण्याचे दायित्व ठरावीक जबाबदार पक्षावर टाकले आहे. आपल्याकडे ते ओझे मानद सचिवाच्या खांद्यावर येते, आणि सचिव बदलला की फाइल हरवते. या संस्थेने त्यावर व्यावहारिक तोड काढली. अंतर्गत दुरुस्तीची परवानगी देताना अनामत रक्कम पूर्वीही घेतली जात होती, राडारोडा उचलला की ती परत मिळे. आता ती परत मिळण्यासाठी आणखी एक अट आहे: भिंत वा फरशी उघडी असताना, टेप लावून काढलेली छायाचित्रे सदनिकेच्या क्रमांकासह जमा करणे. ठेकेदारांनी आधी कुरकुर केली, पण आपली अनामत अडकते म्हटल्यावर घरमालक स्वतःच मोबाइल घेऊन उभे राहू लागले.

इमारत पंधरा वर्षांची झाली की गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावी लागते, आणि तपासनीस सर्वप्रथम आरसीसीचे नकाशे मागतो. जुन्या संस्थांपैकी अनेकांकडे ते नसतात. या संस्थेकडे ते असतीलच, शिवाय कोणत्या कॉलमपासून सुरुवात करायची हेही माहीत असेल.

एक भाग मात्र अजून अंधारातच आहे. आवारातल्या जमिनीखालच्या गटारवाहिन्या, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा यांचा बिममध्ये मागमूस नाही. ते काम शेवटच्या घाईत, जांभा फोडत जेसीबीने झाले आणि त्याची छायाचित्रेही नाहीत. झाकणे उघडून, एकेका मोरीतून रंगीत पाणी सोडून त्यांचा माग काढण्याचे काम पावसाळा संपल्यावर हाती घेतले जाईल.

स्थावर संपदा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणून दिलेला संरचनेतील वा कामाच्या दर्जातील दोष प्रवर्तकाने तीस दिवसांत, मोबदला न घेता दुरुस्त करायचा असतो. कॉलमच्या अपुऱ्या कव्हरची आणि सुटलेल्या एल्बोची लेखी तक्रार नकाशा, पोअर कार्ड, छायाचित्र आणि चाचणी अहवाल जोडून विकासकाला पाठवण्यात आली. फरशीचा खर्च त्याने लगेच मान्य केला. कॉलमबाबत त्याने प्रथम हात वर केले. त्याच्याच अभियंत्याने भरलेले कार्ड आणि त्याच्याच नकाशातले 45 मिलिमीटर समोर ठेवल्यावर त्या अंगाला दुरुस्तीच्या मसाल्याचा थर आणि संरक्षक लेप देण्याची तयारी त्याने दाखवली आहे. कोणता मसाला आणि किती जाडीचा थर, हे ठरवण्यासाठी दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांची बैठक व्हायची आहे.